बेटावरची सुट्टी आणि समुद्राचे पंचांग

परदेशप्रवास ही एके काळी आपल्या मराठी कुटुंबांत अपूर्वाईची गोष्ट होती. घरातील एखादा मुलगा शिक्षणासाठी विलायतेस निघाला की सारी आळी त्यास पोहोचवावयास स्थानकावर लोटत असे. आता इंदूर-उज्जैनकडची साधी नोकरदार मंडळीही चार वर्षे काटकसर करून, मुलाबाळांसह थायलंडच्या एखाद्या बेटावर आठ दिवस राहून येतात. ही गोष्ट आम्हांस आनंदाचीच वाटते. जग पाहिल्याने माणूस मोठा होतोच असे नाही. परंतु आपले घर जगात कोठे आहे, हे त्यास कळते. मात्र या बेटांविषयी आमच्याकडे जी विचारणा होते, तीत एक उणीव वारंवार आढळते. हॉटेल कोणते घ्यावे, न्याहारी भाड्यात धरली आहे काय, खरेदी कोठे करावी, हे सारे विचारले जाते. पण ‘आम्ही जाणार त्या महिन्यात तेथील समुद्र कसा असतो?’ हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

याचे कारण उघड आहे. आपण माळव्यातील माणसे. नर्मदेचा पूर आपण जाणतो, क्षिप्रेचा घाट जाणतो. समुद्राची ओळख मात्र चित्रांतून आणि चार दिवसांच्या कोकण-गोव्याच्या सहलींतून झालेली. कोकणातील कोळ्यास हा प्रश्न शिकवावा लागत नाही. पावसाळा तोंडावर आला की तो होडी ओढून किनाऱ्यावर घेतो आणि नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यावाचून ती पुन्हा पाण्यात लोटीत नाही. हा केवळ धर्माचार नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने, आणि गमावलेल्या माणसांच्या आठवणीने बांधलेला तो नियम आहे. जो नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्या रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर आदळतो, तोच बंगालच्या उपसागराच्या बाजूने थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरही आदळतो. कोळ्याचे शहाणपण तेथेही जसेच्या तसे लागू आहे.

वाचकांनी नकाशा पुढे घ्यावा. थायलंडचा दक्षिण भाग हत्तीच्या सोंडेसारखा खाली उतरलेला दिसेल. सोंडेच्या पश्चिमेस अंदमानचा समुद्र. त्याच्या पलीकडच्या काठास आपलीच अंदमान-निकोबार बेटे. फुकेत, क्राबीसमोरची फी फी बेटे, लान्ता, सिमिलान ही सारी या बाजूची. सोंडेच्या पूर्वेस थायलंडचे आखात. त्यात सामुई, फान्गान आणि ताओ ही बेटे. दोन्ही किनाऱ्यांमध्ये जमिनीचे अंतर फार नाही. पण त्यांची पंचांगे वेगळी आहेत. पश्चिमेकडे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस आणि खवळलेला समुद्र; नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील उत्तम काळ. पूर्वेकडे सामुईला मात्र पावसाचा खरा जोर ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबरात. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत हवा बहुधा बरी, अधूनमधून सरी. आखातातच असूनही कंबोडियाच्या सीमेजवळचे चांग बेट या हिशेबास अपवाद आहे. तेथील पावसाळा पश्चिम किनाऱ्याप्रमाणेच मे ते ऑक्टोबर असा असतो. शिवाय 2025 साली थायलंड-कंबोडिया सीमेवर चकमकी झाल्या. त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ताजी परिस्थिती पाहणे अगत्याचे आहे.

आता हे पंचांग आपल्या सुट्ट्यांशी ताडून पाहावे. मुलांची मोठी सुट्टी उन्हाळ्याची. मे-जूनमध्ये जावयाचे तर सामुई बरे, फुकेत नव्हे. दिवाळीस जावयाचे तर सामुई टाळावे. दिवाळी ऑक्टोबरात आली तर पश्चिमेचा पावसाळा पुरता सरलेला नसतो. नोव्हेंबरात आली तर फुकेत-लान्ता यांचा विचार निःशंक करावा. नाताळच्या सुट्टीत पश्चिम किनारा सर्वांत सुंदर, आणि म्हणूनच सर्वांत महाग व गजबजलेला. एप्रिलच्या 13 ते 15 तारखांस त्यांचे नववर्ष येते, त्यास ते ‘सोङ्क्रान’ म्हणतात. हा आपलाच ‘संक्रांति’ शब्द. सूर्य मेषेत जातो ती संक्रांत. त्या दिवसांत रस्तोरस्ती पाणी उडविण्याचा खेळ चालतो, गाड्या भरून वाहतात आणि अपघातही वाढतात. वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी ही तीन-चार दिवसांची गर्दी चुकवावी.

पावसाळ्यात तिकडे कोणी जाऊच नये असे आमचे म्हणणे नाही. पाऊस रोज दिवसभर पडत नाही, झाडी हिरवीगार असते, भाडे निम्म्यावर येते. ज्यांना खोलीच्या ओसरीत बसून पावसाकडे पाहावयाचे आहे, त्यांनी खुशाल जावे. परंतु ज्यांना होडीतून बेटे पाहावयाची आहेत, त्यांनी ती स्वस्ताई कोठून आली हे समजून घ्यावे. सिमिलान बेटांचे राष्ट्रीय उद्यान दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असते, आणि जाहिरातीतील छायाचित्रे मात्र फेब्रुवारीत काढलेली असतात.

आमच्या परिचयातील एका कुटुंबास हाच प्रसंग आला होता. आजी बहात्तर वर्षांच्या, मुलगा आणि सून दोघेही नोकरीत, पदरी दोन नातवंडे. कोणा दलालाने त्यांच्यापुढे जुलै महिन्यातील सहलीचे पत्रक ठेवले. चार रात्री, तीन बेटे, रोज वेगळी होडी, आणि शेवटच्या दिवशी दुपारी बेटावरून निघून त्याच संध्याकाळी परतीचे विमान. दर निम्मा. मुलाने अकरा हजार रुपये आगाऊ भरून टाकले होते, आणि ते बुडतील या धास्तीने बेत बदलण्यास तो तयार नव्हता. आमच्याकडे पत्रक आले तेव्हा आम्ही त्यांना महिना दाखविला आणि होड्यांच्या वेळा दाखविल्या. एक फेरी चुकली की पुढचे सारे कोसळावे अशी ती मांडणी होती. मुलगा गप्प बसला. आजी मात्र म्हणाल्या, “हेडमास्तर, मला काही तीन बेटं नकोत. एकच दाखवा म्हणावं, पण पोरांना सुखरूप घरी आणा.” अकरा हजारांवर पाणी सोडून ते कुटुंब पुढल्या मे महिन्यात सामुईला गेले, सात रात्री एकाच ठिकाणी राहिले. मधल्या एका दिवशी वारा सुटला आणि होड्या बंद राहिल्या. त्यांच्या बेतात एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवलेला होता. ती सफर दोन दिवसांनी स्वच्छ उन्हात झाली.

वाचकहो, या लेखातील आमची मुख्य सूचना हीच आहे. बेटावरच्या सहलीत एक दिवस मोकळा ठेवावा, आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र विमानतळ ज्या भूमीवर आहे तेथेच काढावी. फुकेत पुलाने मुख्य भूमीशी जोडलेले आहे आणि तेथे मोठा विमानतळ आहे. सामुईलाही विमानतळ आहे. फी फी, लान्ता, फान्गान, ताओ या बेटांवर तो नाही. तेथून सुटका होडीनेच. ज्याच्या बेतात फुरसत नाही, तो माणूस लाल बावटा दिसला तरी होडीत बसतो; कारण पैसे भरलेले असतात, विमान ठरलेले असते आणि नावाडीही ‘काही होत नाही’ म्हणत असतो. 5 जुलै 2018 रोजी फुकेतजवळ ‘फिनिक्स’ नावाची प्रवासी बोट परतीच्या वाटेवर वादळात उलटली आणि 47 चिनी प्रवासी बुडाले. खराब हवामानाचा इशारा आधीच दिला गेला होता. बोट पुढे वर काढल्यावर तिच्या बांधणीतही दोष आढळले. पण बोटीची बांधणी प्रवाशास दिसत नाही. महिना दिसतो, आकाश दिसते, इशारा वाचता येतो. प्रवाशाच्या हाती एवढेच आहे, आणि ते पुष्कळ आहे.

होडीत पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकास, लहानग्यांना त्यांच्या मापाचे, तरंगजाकीट मिळाले आहे की नाही हे पाहावे. नसेल तर परत फिरावे. तेथील लांब निमुळत्या शेपटीच्या होड्यांत चढण्यास अनेक ठिकाणी गुडघाभर पाण्यातून जावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांसाठी म्हणूनच धक्का असलेले, डांबरी रस्ता असलेले बेट निवडावे. फुकेत आणि सामुई येथे मोठी रुग्णालयेही आहेत. लहान बेटांवर साधा दवाखाना असतो आणि गंभीर रुग्णास समुद्र ओलांडून न्यावे लागते. हृदयविकार वा मधुमेह असणाऱ्यांनी हे ध्यानी घेऊनच बेत आखावा.

किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नये, मग पाणी कितीही शांत दिसो. पावसाळ्यात फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यांवर किनाऱ्याकडून समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह तयार होतो आणि त्यात दरसाल माणसे बुडतात. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. त्यात दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर यावे आणि मग वळावे. पोहवत नसेल तर तरंगत राहून हात वर करून मदत मागावी. दुसरी गोष्ट विषारी जेलीमाशाची. सामुई-फान्गानच्या बाजूस एक पेटीच्या आकाराचा जेलीमासा आढळतो. त्याच्या दंशाने मृत्यूही झाले आहेत. म्हणून काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगारच्या बाटल्या बांधलेल्या दिसतात. दंश झाल्यास जागा चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. व्हिनेगार भरपूर ओतावे आणि तत्काळ डॉक्टर गाठावा. मुलांना अंगभर घट्ट पोहण्याचा पोशाख घालावा हे उत्तम. रुग्णवाहिकेसाठी 1669 आणि पर्यटक पोलिसांसाठी 1155 हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

या बेटांवर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने 26 डिसेंबर 2004 हा दिवस मुलांना समजावून सांगावा असे आम्हांस वाटते. सुमात्राजवळच्या समुद्रतळाशी झालेल्या भूकंपाने उठलेल्या लाटांनी त्या सकाळी थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पाच हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला. खाओ लाक, फी फी आणि फुकेत येथे हाहाकार उडाला. त्याच सकाळी फुकेतच्या माई खाओ किनाऱ्यावर दहा वर्षांची एक इंग्रज मुलगी आईवडिलांबरोबर फिरत होती. समुद्राचे पाणी फेसाळून विचित्र रीतीने वागत असल्याचे तिने पाहिले. दोनच आठवड्यांपूर्वी शाळेत भूगोलाच्या तासाला तिला त्सुनामीची लक्षणे शिकविली होती. तिने हट्ट धरला, वडिलांनी पहारेकऱ्यास सांगितले आणि लाट येण्यापूर्वी तो किनारा रिकामा झाला. तिकडे सुरिन बेटांवर राहणाऱ्या मोकेन या समुद्रजीवी लोकांना शाळा माहीत नव्हती. परंतु पाणी एकाएकी मागे हटले की डोंगराकडे धावावे, ही वाडवडिलांची कथा त्यांना माहीत होती. तेही वाचले. एकीकडे भूगोलाचा एक तास, दुसरीकडे आजीची एक गोष्ट. दोन्हींनी माणसे जगविली. आमच्यासारख्या खडू झिजवलेल्या माणसास याहून मोठे समाधान ते कोणते? आता त्या किनाऱ्यांवर इशाऱ्याचे मनोरे आहेत आणि उंच जागेकडे जाण्याच्या पाट्या आहेत. खोलीत सामान ठेवल्याबरोबर मुलांना घेऊन ती वाट एकदा चालून यावी.

धोक्यांविषयी इतके लिहिल्यावर त्या देशाविषयीच्या आपुलकीचेही दोन शब्द लिहिले पाहिजेत. सामुईचे बेट ज्या प्रांतात येते त्याचे नाव सुरत थानी. राजा वजिरावुध यांनी 1915 साली आपल्या गुजरातेतील सुरतेवरून हे नाव दिले आणि त्या गावाजवळून वाहणाऱ्या नदीस ‘तापी’ म्हटले. मुलताईस उगम पावून बऱ्हाणपुरावरून वाहत सुरतेजवळ समुद्रास मिळणारी आपली तापी अशी नावाने का होईना, पूर्वसमुद्रापर्यंत पोहोचली आहे. शेजारचा प्रांत ‘नखोन सी थम्मरात’ म्हणजे नगर श्री धर्मराज. बँकॉकचा विमानतळ ‘सुवर्णभूमी’. फुकेतवर रस्त्याच्या मध्यभागी दोन वीरांगनांचे स्मारक आहे. 1785 साली ब्रह्मी सैन्याने बेटाला वेढा घातला असता चान आणि मूक या दोघी बहिणींनी लोकांना एकत्र करून बेट राखले. पुढे राजाने त्यांस ज्या पदव्या दिल्या त्यांत ‘देव’, ‘क्षत्रिय’, ‘श्री’, ‘सुंदर’ हे आपले शब्द ओळखू येतात. झाशीच्या राणीचे नाव घेणाऱ्या घरातील मुलींना ते स्मारक जरूर दाखवावे.

आहाराचा प्रश्न आपल्या शाकाहारी घरांना मोठा वाटतो, आणि तो आहेच. वरवर भाजी दिसणाऱ्या पदार्थांतही ‘नाम प्ला’ म्हणजे माशाचा रस, आणि ‘कापी’ म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा बहुधा असतो. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. त्यांच्या भाषेत शाकाहारास ‘मङ्सविरत’ म्हणतात. मांस आणि विरती हे आपलेच शब्द. मात्र त्यात अंडे व दूध चालते. याहून कडक पथ्य ‘जे’ या शब्दाने सांगतात. त्यात मासा, अंडे, दूध यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत ही खूण असलेले दुकान दिसले की आजींनी निर्धास्तपणे बसावे. फुकेतमध्ये चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, बहुधा आपल्या नवरात्राच्याच सुमारास, नऊ दिवस शाकाहाराचा मोठा उत्सव असतो. त्या मिरवणुकांत भक्त गालांतून सळ्या आरपार घालतात. लहान मुलांना ते दाखवावे की नाही, याचा विचार आधी करावा. बाकी नारळ, आंबा, फणस, केळी आणि भात यांच्या देशात मराठी माणूस उपाशी राहील असे आम्हांस वाटत नाही. थोडे मेतकूट आणि लोणचे बरोबर असले म्हणजे झाले.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. पारपत्राची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने उरलेली असावी. भारतीयांना थायलंडने नोव्हेंबर 2023 पासून व्हिसावाचून प्रवेश दिला आणि जुलै 2024 मध्ये ती मुदत साठ दिवसांची केली. परंतु असे नियम सरकारे बदलीत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी थाई दूतावासाकडील ताजा नियम पाहावा, शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर विसंबू नये. 1 मे 2025 पासून आगमनाचा तक्ता प्रवासापूर्वीच्या तीन दिवसांत संगणकावर भरावा लागतो. तो विनामूल्य आहे, आणि त्यासाठी पैसे मागणारा लुबाडतो आहे असे समजावे. ढोबळ हिशेबास एका बाथचे तीन रुपये धरावेत, म्हणजे खर्चाचा अंदाज सहसा चुकणार नाही. राष्ट्रीय उद्यानांत परकीयांना वेगळे, अधिक शुल्क असते. धक्क्यापर्यंतच्या गाड्यांचे भाडेही जाहिरातीत लिहिलेले नसते. प्रवासविमा अवश्य घ्यावा. भाड्याची फटफटी घेण्याचा मोह तरुणांना होतो; तेथे वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात, पण दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघात झाल्यावर विमाही हात वर करतो.

शेवटी पाहुण्याचा धर्म. त्या देशात राजाविषयी अनुदार बोलणे हा गंभीर गुन्हा आहे. राजाची मुद्रा असलेल्या नोटेवरही पाय देऊ नये. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसू नये, देवळात अंग झाकून जावे. हे आपल्या मुलांना वेगळे शिकवावे लागू नये. समुद्राच्या बाबतीत मात्र शिकवावे लागेल. फी फीजवळील माया उपसागर एका इंग्रजी चित्रपटामुळे इतका प्रसिद्ध झाला की तेथे दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसे येऊ लागली आणि प्रवाळ मरू लागले. जून 2018 मध्ये सरकारने तो बंद केला, तो जानेवारी 2022 मध्ये उघडला. त्यानंतर होड्या मागील बाजूस थांबू लागल्या, पोहण्यावर निर्बंध आले आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो विसावा घेऊ लागला. प्रवाळास अपायकारक द्रव्ये असलेली उन्हाची मलमे 2021 पासून तेथील राष्ट्रीय उद्यानांत निषिद्ध आहेत. शंख वा प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालू नये.

तात्पर्य, बेत आखताना प्रथम महिना पाहावा, मग किनारा, मग बेट आणि सर्वांत शेवटी हॉटेल. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला आहे. तिथी पाहिल्यावाचून घरातील कार्य न ठरविणाऱ्या आपल्या माणसांनी समुद्राची तिथीही पाहावी, इतकेच आमचे सांगणे. आणि तो मोकळा ठेवलेला दिवस वाया जाईल अशी रुखरुख कोणी बाळगू नये. होड्या सुटल्या तर त्या दिवशी वाळूत किल्ला बांधावा. न सुटल्या तर आजीने नातवंडांना एखादी गोष्ट सांगावी.